पियानोची खंडेनवमी

त्या पियानोत नारळाचं पाणी मी सांडलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणाने लिहिता येईल. आमच्या कारखान्यातल्या जवळजवळ सगळ्यांना आजही वाटतं की त्या दिवशी पियानो बिघडला तो दमट हवेमुळे. त्यातली काही मंडळी अजून भेटतात, चहाच्या टपरीवर तो दिवस काढतात आणि पोट धरून हसतात. मीही हसतो. मग घरी येऊन बायकोला म्हणतो, ‘आज पुन्हा राहिलं सांगायचं.’ परवा ती म्हणाली, ‘तोंडाने होत नसेल तर लिहून टाका की एकदाचं.’ म्हणून लिहितो आहे.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. पिंपरीत जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून असलेल्या एका मोठ्या कारखान्यात मी प्लॅनिंग खात्यात नुकताच लागलो होतो. तिथे अवजड यंत्रं बनत, आणि त्यासाठी रशियाचं तांत्रिक सहकार्य होतं. पाच-सहा रशियन इंजिनियर बायकामुलांसह कंपनीच्या कॉलनीत राहत. त्यांच्या बायका बाजारात मुळ्याची जुडी नाकाशी नेऊन वास घेत, आणि भाजीवाली म्हणे, ‘बाई, फूल न्हाई त्ये, मुळा हाय!’

त्या वर्षी रशियाचा एक मोठा वाद्यवृंद आपल्या देशात दौऱ्यावर आला होता. पुण्यात त्यांचा एक कार्यक्रम होता. आमच्या रशियन मंडळींच्या प्रमुखाने कुठे काय शब्द टाकला कोण जाणे, पण वाद्यवृंद आणखी एक कार्यक्रम करायला तयार झाला: दुपारचा, फक्त कामगारांसाठी, थेट कारखान्यात. आमचे वर्क्स मॅनेजर हिशेबी माणूस. त्यांनी खंडेनवमीचा दिवस पकडला. त्या दिवशी सकाळी सगळ्या कारखान्यात यंत्रांची पूजा होते आणि मशीन बंदच असतात. म्हणजे उत्पादनाचा एक तासही बुडणार नव्हता.

मी कारखान्याच्या रंजन मंडळाचा सेक्रेटरी होतो. याचा अर्थ एवढाच, की गणपतीत नाटक बसवायचं आणि टेबल टेनिसचं जाळं फाटलं की नवं मागवायचं. मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

‘पियानोची जबाबदारी तुमची. तुम्ही पेटी वाजवता म्हणे.’

‘थोडीफार, सर. भजनाला.’

‘मग झालं तर. त्यालाही पट्ट्याच असतात.’

माझं प्रोबेशन संपायला तीन आठवडे उरले होते. मी ‘हो सर’ म्हणालो. त्या वयात मी कशालाही ‘हो सर’ म्हणत असे.

पियानो मिळाला पुण्याच्या कॅम्पातल्या मुलींच्या एका मिशनरी शाळेचा. तिथल्या मुख्याध्यापिका सिस्टर. त्यांनी एकच अट घातली: पियानो जाईल, पण त्याच्याबरोबर तो लावणारा माणूसही जाईल. हा माणूस म्हणजे साठीचे एक गोवेकर गृहस्थ. किडकिडीत, पांढरी पँट, हातात डॉक्टरसारखी काळी बॅग. सगळे त्यांना अंकल म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. आयुष्यभर त्यांनी पियानो सुरात लावायचं एवढंच काम केलं होतं. लोकांनी पियानो विकून टाकले, क्लब बंद झाले, आणि आता त्यांच्या हाताखाली पाच पियानो उरले होते. त्यातले तीन याच शाळेत. हे त्यांनीच मला ट्रकमध्ये शेजारी बसून सांगितलं, कुरकुर न करता, जसं एखादा सांगेल की मला तीन मुली आहेत.

पियानो आदल्या दिवशी ट्रकमधून आमच्या असेंब्ली शॉपच्या, म्हणजे यंत्रांची जोडणी होते त्या शेडच्या, दारात आला. ते शॉप म्हणजे केवढं, तर आमच्या चिंचवडच्या आख्ख्या आळीने त्यात पंगत मांडावी. वर रुळांवर फिरणारी क्रेन, आणि क्रेनच्या केबिनमध्ये काळेवाडीचा आमचा ऑपरेटर. माझ्याच वयाचा, मिश्कील, हात अतिशय हलका.

त्याने वरून ओरडून विचारलं, ‘भाऊ, वजन किती?’

‘अर्धा टनसुद्धा नाही.’

‘मग मला कळणार पण नाय उचललंय ते!’

खालून आमचा फोरमन ओरडला, ‘तुला कळाया पायजेल! काच समजून उचल!’ फोरमन निघोज्याचा. पन्नाशीचा गडी, घरची शेती सांभाळून पंधरा वर्षं कारखान्यात. मशीनवर त्याचा जीव. त्याने पियानोच्या पोटाखाली गोणपाटं घातली, वर पट्टे घेतले आणि हुकाला अडकवले. काळा चकचकीत पियानो हळूच वर उठला आणि शॉपच्या मधोमध तरंगत गेला. दोनशे माणसं माना वर करून बघत होती. अंकलनी डोळे मिटून घेतले होते. पियानो फळ्यांच्या स्टेजवर टेकला तेव्हा साधा खुट्ट असा आवाजही आला नाही. अंकलनी डोळे उघडले आणि वर केबिनकडे बघून हॅट काढली.

खंडेनवमीच्या सकाळी अंकल सात वाजता आले. दोन-अडीच तास ते एकेक तार कानाशी लावल्यासारखी ऐकत होते. मी शेजारी उभा. शेवटी त्यांनी पट्ट्यांवरचं झाकण बंद केलं, त्यावर मखमली कापड घातलं आणि म्हणाले, ‘मी कँटीनमध्ये जाऊन काही खातो. तू इथेच थांब. कोणी हात लावायचा नाही. तू पण नाही, हां.’

‘नाही अंकल. काळजीच नको.’

ते गेले आणि फोरमन पूजेचं ताट घेऊन आला. मागे पंधरा-वीस जण. शॉपमधल्या सगळ्या मशीनना झेंडूचे हार पडले होते, लेथच्या चकवर हळदकुंकू, ड्रिलिंग मशीनच्या हँडलला आंब्याचे डहाळे. फोरमनने पियानोकडे बघितलं.

‘सेक्रेटरीसाहेब, ह्येची पूजा कुनी करायची?’

‘याची कशाला? हे वाद्य आहे.’

‘शॉपमदी हाय का न्हाई?’

‘आहे.’

‘आज चालवायचं हाय का न्हाई?’

‘चालवायचं आहे, पण...’

‘मंग! खंडेनवमीला पूजेबिगर मशीन चालवल्यालं मी तरी बघितलं न्हाई. परदेशी पाव्हनी बाई बसनार त्येच्यावर. काय इपरीत घडलं तर आमी तोंड कुनाला दावायचं?’

मागून कोणीतरी म्हणालं, ‘पेटीची पूजा करता की तुम्ही दसऱ्याला घरी!’

हे खरं होतं. घरी मी पेटीची पूजा करत होतो. आणि इथे माझी कबुली सुरू होते. मला कोणी भाग पाडलं नाही. मला ते मनापासून पटलं. इतकं सुंदर वाद्य, आणि सगळ्या मशीनना हार आणि यालाच नाही? मी फोरमनला म्हणालो, ‘बंद झाकणाची पूजा म्हणजे कपाटाची पूजा. थांबा.’ आणि मखमली कापड काढून झाकण मीच उघडलं.

क्रेनवाला वर केबिनमध्ये हूक तपासत बसला होता. तो बौद्ध, पूजेत तो नसे, पण त्याचं लक्ष असे. तो वरून म्हणाला, ‘राव, आत लाकूडकाम आहे. फुलं वाहा न् सोडा. पाणी जपून.’

फोरमन म्हणाला, ‘तू तुझा हूक बघ!’

मी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांना हळदकुंकवाचं बोट लावलं. अक्षता वाहिल्या. हार घातला. मग नारळ घेतला आणि स्टेजच्या कडेच्या लोखंडी ठोकळ्यावर फोडला. नारळाची छान दोन भकलं झाली. एक भकल पाण्याने काठोकाठ. मशीनवर आपण चार थेंब शिंपडतो तसे शिंपडायला मी हात पुढे केला, तेवढ्यात सगळ्यांनी ‘बोला...’ म्हणून मोठा गजर केला आणि मी दचकलो. अर्ध्याहून जास्त पाणी पट्ट्यांवर गेलं आणि पट्ट्यांच्या फटींतून आत उतरलं. बघता बघता पट्ट्या कोरड्या दिसू लागल्या. तेच तर वाईट झालं.

फोरमन समाधानाने म्हणाला, ‘प्यायला बघा! मानवलं त्येला!’

मी रुमालाने पट्ट्या पुसल्या, झाकण बंद केलं, हार उचलून खालच्या पायाला बांधला आणि खोबरं वाटलं. अंकल परत आले तेव्हा त्यांच्या हातावरही खोबऱ्याचा तुकडा ठेवला. त्यांनी तो आनंदाने खाल्ला.

दीड वाजता वाद्यवृंद बसने आला. साठ-सत्तर माणसं, काळ्या पेट्या, मोठमोठे ढोल. पियानो वाजवणारी बाई पन्नाशीची, गुटगुटीत, आमच्या कॉलनीतल्या शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंसारखी दिसणारी. तिने बाह्या मागे सारल्या, बसली आणि दोन्ही हातांनी पियानोच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक धाव घेतली. मधल्या सप्तकात तिचा हात थांबला. एक पट्टी खाली गेली ती खालीच राहिली. शेजारच्या दोन उठल्या, पण म्हातारीने पाटावरून उठावं तशा.

तिने दुभाषी मुलीकडे बघितलं. दुभाषी मुलगी रशियनच, पुस्तकी हिंदी बोलणारी. ती म्हणाली, ‘यह कुंजी अस्वस्थ है।’

मॅनेजरसाहेब लाल झाले. अंकल पुढे आले, त्यांनी पट्टी दाबली, सोडली, पुन्हा दाबली. त्यांचा चेहरा बघवेना.

‘सकाळी हे ठीक होतं, साहेब.’

‘सकाळी काय होतं ते मला नका सांगू. आत्ता अडीचला कार्यक्रम आहे. काय काम केलंत तुम्ही सकाळभर?’

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी अंकलपासून हातभर अंतरावर होतो. माझ्या बोटांची टोकं हळदीने पिवळी होती. मी हात पाठीमागे घेतले.

अंकलनी बॅगेतून स्क्रू-ड्रायव्हर काढला, चार स्क्रू सोडवले आणि पट्ट्यांचा आख्खा संच ड्रॉवरसारखा बाहेर ओढला. खाली, लाकडी तळावर, लाल-पिवळ्या अक्षता पडल्या होत्या. तीन-चार दाणे पट्ट्यांच्या मध्ये उभे अडकले होते. आणि तिथलं लाकूड न् पट्ट्यांखालची लोकर ओली. अंकलनी बोट लावलं, बोटाचा वास घेतला. मग वर बघितलं. साहेबांकडे नाही, माझ्याकडे. माझ्या तोंडाला अजून खोबऱ्याचा वास येत असणार.

‘काय झालंय?’ साहेब मागून म्हणाले. त्यांना अंकलच्या पाठीआडून काही दिसत नव्हतं.

अंकलनी तळहाताने अक्षता गोळा केल्या आणि खिशात टाकल्या. ‘हवा, साहेब. इथली हवा दमट. लाकूड फुगलं.’

‘म्हणजे तुम्हाला हवेचा अंदाज आला नाही. इतकी वर्षं काय केलंत? माणूस शाळेनेच दिलाय ना? मी कळवतो शाळेला.’ आणि साहेब पाहुण्यांकडे गेले.

मी अजूनही गप्पच. मला दिसत होतं की शाळेचे तीन पियानो माझ्यामुळे या माणसाच्या हातून जाऊ शकतात. मला माझं प्रोबेशनही दिसत होतं. मी दोन्हींकडे बघत उभा राहिलो.

अंकल हळू आवाजात म्हणाले, ‘बघत काय राहिलास? हे वाळवायला पाहिजे. अर्धा तास आहे. तुमच्याकडे काय आहे?’

हे मात्र मला येत होतं. मी वाइंडिंग सेक्शनकडे पळत सुटलो. विजेच्या मोटारीचं वाइंडिंग, म्हणजे तारांची गुंडाळी, वार्निशमध्ये बुडवलं की ते मोठमोठ्या बल्बांखाली वाळवतात. तिथले दोन वाइंडर बल्बांची फ्रेम उचलून घेऊन आले. त्यांना मी सांगितलं, ‘हवेने लाकूड फुगलंय.’ पहिलं खोटं अंकलचं होतं, ते माझ्यासाठी होतं. दुसरं माझं, तेही माझ्यासाठीच.

एक वाइंडर म्हणाला, ‘किती टेंपरेचर देऊ, काका?’

‘पावाला देतात तेवढं नको. हाताला सोसेल तेवढं.’

‘म्हणजे अंडी उबवायची.’

‘हां! अगदी तसंच.’

वाइंडर तळहात पट्टीशी धरून बल्ब वर-खाली करत होता. अंकल चिमट्याने लोकर दाबून दाबून पट्ट्या मोकळ्या करत होते. फोरमनने मोठा पुठ्ठा घेऊन वारा घालायला सुरुवात केली. वर केबिनमधून क्रेनवाला विचारत होता, ‘झालं का? वर पण उकडायला लागलंय!’ पियानोवाली बाई हे सगळं कंबरेवर हात ठेवून बघत होती. मध्येच तिने फोरमनच्या हातातला पुठ्ठा घेतला आणि त्यालाच वारा घातला. सगळे जोरात हसले. दोन-वीसला अंकलनी संच आत सरकवला. पट्ट्या उठू लागल्या.

कामगार ताडपत्र्यांवर बसले, साहेबलोक खुर्च्यांवर. कॉलनीतल्या बायका नव्या साड्या नेसून आल्या होत्या. आधी होती टोन पोएम. दुभाषी मुलगी म्हणाली, ‘इस रचना में एक कथा है। कथा मैं नहीं बताऊँगी। संगीत बताएगा।’

आता कथा आहे म्हटल्यावर आमचे लोक ती शोधायला लागणारच. सुरुवातीला व्हायोलिनं अगदी हळू वाजली. फोरमन माझ्या कानात म्हणाला, ‘पोरगी सासरला निघालीय.’ मग पितळी तुताऱ्या जोरात वाजू लागल्या. मागून वाइंडर म्हणाला, ‘सासर कुठलं, नदीला पूर आलाय. ऐका, पाणी चढतंय.’ मग झांजा आणि ढोल एकदम कडाडले. ‘भिंत पडली!’ ‘गप रे, वऱ्हाड नदीत अडाकलं.’ अशा रीतीने दोन्ही पक्षांचा समझोता झाला. शेवटी एकच बासरी राहिली आणि तीही थांबली. एवढ्या मोठ्या शॉपमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. मग फोरमन डोळे पुसत म्हणाला, ‘पोचली एकदाची.’

नंतर पियानो कॉन्चेर्टो. एका बाजूला एकटा पियानो, दुसऱ्या बाजूला आख्खा वाद्यवृंद, आणि दोघांचं बोलणं. कधी प्रेमाचं, कधी भांडणाचं. पण पहिला भाग मी संगीत म्हणून ऐकलाच नाही. मी फक्त त्या तीन पट्ट्या ऐकत होतो. अंकल स्टेजमागे स्टुलावर बसले होते. आमची नजर त्याच एका जागेवर.

दुसरा भाग संथ होता. बाईचा उजवा हात मधल्या सप्तकात सावकाश फिरत होता, आणि ती पट्टी बसली. खाली गेली आणि उठेना. अंकल स्टुलावरून अर्धे उठले. बाईने मान हलवली नाही. सूर न सोडता तिने डाव्या हाताची करंगळी आडवी घातली, पट्टी खालून उचलून वर केली आणि हात परत आपल्या जागेवर नेला. पुढच्या वेळी तो सूर आला तेव्हाही तसंच. तिसऱ्या वेळीही.

फोरमनने माझी मांडी धरली. ‘बघितलं का? बाईनं चालू मशीनला हात दिला! बंद न करता!’

ही कुजबुज ताडपत्र्यांवरून मागेपर्यंत गेली. तिथे बसलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी अडखळणारं मशीन असंच हात देऊन पाळी संपेपर्यंत चालवलं होतं. संगीतातलं त्यांना काय कळलं ते मी सांगू शकत नाही, पण हे कळलं. तो भाग संपताच अशा टाळ्या पडल्या की दुभाषी मुलगी घाबरून हाताने ‘अभी शेष है, अभी शेष है’ करू लागली. बाईने मात्र कामगारांकडे बघून करंगळी वर केली आणि हसली.

तिसऱ्या भागात पट्टी अडली नाही. तो भाग मी ऐकला. आणि प्रामाणिकपणे लिहायचं तर मला इतका आनंद झाला, की मी गुन्हेगार आहे हे पाच-सात मिनिटं पार विसरलो. त्याचंही मला नंतर वाईट वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर मॅनेजरसाहेबांनी माइकवर सगळ्यांचे आभार मानले. वाइंडरांचे मानले, फोरमनचे मानले, माझे तर नाव घेऊन मानले. अंकलचे मानले नाहीत. ते भिंतीशी बसून एकेक हत्यार फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळत होते. क्रेनवाला शिडीवरून खाली आला. माझ्याजवळून जाताना म्हणाला, ‘हवा फार दमट होती म्हणे आज, भाऊ. नेमकी नारळाएवढीच.’ त्याने ते पुढे कोणालाही सांगितलं नाही, पण मला एवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी आपट्याची पानं घेऊन मी बसने पुण्याला, कॅम्पात अंकलच्या घरी गेलो. बाजारामागच्या गल्लीत दोन खोल्या. त्यांनीच दार उघडलं.

‘हे काय? पाला?’

‘सोनं, अंकल. दसऱ्याला देतात. द्यायचं आणि माफी मागायची.’

‘बस.’ त्यांच्या बायकोने चहा ठेवला. ते माझ्यासमोर बसले. ‘हां, बोल.’

‘अंकल, काल आमच्या लोकांनी पियानोची पूजा केली. त्यात थोडं पाणी...’

‘नारळ किती होते?’

‘एक.’

‘एक नारळ किती लोक फोडतात?’

मी पानांकडे बघत म्हणालो, ‘मी फोडला.’

‘झाकण?’

‘मीच उघडलं.’

‘हां. आता ठीक.’ त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. ‘काल मी का नाही बोललो, माहीत आहे? अर्धा तास होता. भांडायला तेवढाच वेळ लागतो, काम करायला पण तेवढाच. मी काम केलं. पण आता माझी माफी मागू नको. मला माफी घेऊन काय करायचं? तुझ्या साहेबाने सिस्टरला काल संध्याकाळीच फोन केला. सिस्टर म्हणते, पुढच्या महिन्यापासून मुंबईचा माणूस बोलावते. माझं नाव तुझ्या साहेबाकडे आहे. तिथून आण.’

ते रागाने बोलले नाहीत. त्यांची बायको मात्र आतून म्हणाली, ‘आणि पुढच्या वेळी नारळ इथे आणा. मी करी करीन.’

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, कारखाना उघडला तसा मी साहेबांच्या केबिनबाहेर उभा राहिलो. आत गेल्यावर मी सगळं एका दमात सांगितलं. पूजा, झाकण, पाणी, अक्षता, आणि मी दोन फुटांवर गप्प उभा होतो ते.

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, ‘फोरमनने सांगितलं म्हणून केलंत?’

मोह झाला. ‘नाही सर. मला आवडलं म्हणून केलं.’

‘आणि दोन दिवस कुठे होतात?’

‘घाबरलो होतो, सर. प्रोबेशनला.’

‘मग ते तीन महिने वाढवतो. म्हणजे घाबरायला अजून वेळ मिळेल.’ एवढं बोलून त्यांनी टायपिस्टला बोलावलं आणि शाळेच्या नावे पत्र सांगितलं. पत्र टाइप होऊन आल्यावर त्यांनी सही केली, मग थांबून सहीच्या खाली पेनने स्वतः एक ओळ लिहिली, की चौकशी न करता मी त्या गृहस्थांना बोललो, त्याबद्दल दिलगीर आहे. लिहिताना त्यांचे कान लाल झाले होते. ‘तुम्हीच नेऊन द्या,’ ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

शनिवारी अंकल आणि मी शाळेत गेलो. सिस्टरनी पत्र उघडलं, वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला.

‘हे कोण, ज्याने माझ्या पियानोत कोकोनट वॉटर टाकलं?’

‘मीच, सिस्टर.’

‘कोकोनट पियानोवर फोडला?’

‘वर नाही, सिस्टर. शेजारी. वर फक्त शिंपडायचं होतं.’

‘का?’

मी जमेल तसं सांगितलं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात, ज्यावर आपण पोट भरतो त्याला नमस्कार करतात, आणि त्या दिवशी ते शॉपमधलं सगळ्यात मोलाचं यंत्र होतं. सिस्टर कठोर चेहऱ्याने ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, ‘आणि कॉन्सर्ट? कसा झाला?’

मी काही बोलायच्या आत अंकल म्हणाले, ‘सिस्टर, सहाशे माणसं जमिनीवर बसून ऐकत होती. मी आयुष्यात असा कॉन्सर्ट नाही पाहिला.’ आणि मग त्यांनी त्या बाईची करंगळी करून दाखवली. सिस्टरनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते त्यांच्या खांद्यांतून बाहेर पडलं.

मग त्यांनी पत्र टेबलाच्या खणात ठेवलं आणि अंकलना म्हणाल्या, ‘सोमवारी या. तिन्ही बघून घ्या. मुंबईच्या माणसाला मी कळवते, येऊ नको म्हणून.’

जिना उतरून खाली आल्यावर अंकलनी बॅग माझ्या हातात दिली, हॅट नीट केली आणि म्हणाले, ‘उद्या रविवार. तुला सुट्टी. सोमवारच्या आत त्या तीन पट्ट्यांची लोकर बदलायची आहे, आणि माझे डोळे आता बारीक कामाला साथ देत नाहीत. सकाळी नऊला इथे शाळेत ये. हात धुऊन ये.’

मी गेलो. दुपारपर्यंत मी तीच पट्टी दाबत बसलो होतो आणि अंकल पियानोत डोकं घालून आतून सांगत होते, ‘पुन्हा. हळू. पुन्हा.’